समुपदेशक घरी कळवतो का? खुलासा

‘आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) एचआयव्ही पॉझिटिव्ह आलं की समुपदेशक घरी फोन करून सांगतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर चुकीचा आहे.

2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय निकाल उघड करता येत नाही. घरच्यांपुरता अपवाद फक्त जोडीदाराचा, तोही अटींवर: त्याला लागण होण्याचा मोठा धोका हवा, रुग्णाला स्वतः सांगण्याबाबत समुपदेशन झालेलं हवं, तरी तो सांगणार नाही याची खात्री हवी, आणि ‘आता आम्ही सांगणार’ हे रुग्णाला आधी कळवलेलं हवं. सांगायचं तेही समक्ष, समुपदेशनासह. मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचं नाही.

गुपित फुटू शकतं ते टेबलावर उघड्या राहिलेल्या रजिस्टरमुळे किंवा पाठपुराव्याचा फोन दुसऱ्यानेच उचलल्यामुळे. म्हणून समुपदेशकाने कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून नोंदवावं.