माळ्यावरचा अपरिग्रह

मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी वस्तूंत जगणं, आमच्या घरात बंगळुरूहून आला. लेक तिथे नोकरी करते, एका खोलीत राहते आणि त्या खोलीत एक गादी, एक लॅपटॉप नि एक कुंडी एवढाच संसार आहे. (तिचं बाकीचं सामान आमच्याकडे पुण्यात कोथरूडला आहे, अकरावीच्या क्लासच्या नोट्सपासून स्केटिंगच्या बुटांपर्यंत. पण तो विषय काढायचा नसतो.) "बाबा, एकदम सगळं काढू नका. रोज फक्त एक वस्तू घराबाहेर. छोटी छोटी पावलं," असं तिने फोनवर बजावलं. गुडघे दुखणाऱ्या रिटायर माणसाला छोटी पावलं टाकायला सांगणं तसं सोपं असतं.

सोप्यापासून सुरुवात करावी म्हणून पिशव्या काढल्या. ओट्याखालच्या कप्प्यात एक पिशवी, तिच्यात पिशव्या आणि त्यांच्या पोटात घडी घातलेल्या आणखी पिशव्या. बहुतेक लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानांच्या. त्यातलं एक दुकान केव्हाच बंद झालं, त्या जागी बँक आली, तीही गेली, पिशवीचे बंद मात्र शाबूत आहेत. मी एक ओढली. आई पेपरातून मान वर न करता म्हणाली, "ती दळणाची." दुसरी ओढली. "ती भाजीची." तिसरी कोरी करकरीत होती.

"ती द्यायची आहे."

"कुणाला?"

"कुणालाही काही द्यायचं झालं तर कशातून देणार?"

मग मी गनिमी काव्याकडे वळलो. कुणाच्या तरी लग्नात मिळालेला, आत दिवा लागणारा (आता न लागणारा) प्लॅस्टिकचा ताजमहाल गुपचूप सुक्या कचऱ्यात टाकला. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. कामाला चोख. ओलं-सुकं वेगळं नसेल तर आमच्या सेक्रेटरींनाही सोडत नाहीत. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात ताई, हातात ताजमहाल, तोही पुसलेला. "काका, हे चुकून आलंय ना?" मागे आई उभी होती. तिने ताईंना चहा दिला आणि मला संध्याकाळपर्यंत काही दिलं नाही.

कपड्यांसाठी मात्र राजमार्ग होता, बोहारीण. पूर्वीसारख्या त्या रोज दारावर येत नाहीत. एक दिवस गल्लीत "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ" ऐकू आलं आणि मी गॅलरीतून हाक मारली. तिने जिन्यात पाटी उतरवली, पदर खोचला आणि माझा ढीग तपासायला घेतला. ढिगात कॉलर उसवलेले शर्ट होते आणि 'बारीक झाल्यावर घालू' या सदरातल्या पँटी. तिने एकेक पँट उजेडाकडे धरली, चेन वर-खाली केली, मागून हात फिरवला आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "काका, बुडाला विरलीये!" छत्तीस वर्षांच्या माझ्या सरकारी नोकरीचा इतका नेमका गोषवारा निरोप समारंभातही कुणी दिला नव्हता.

बायको मोठ्या पातेल्यावर अडून बसली, बोहारीण चहाच्या गाळणीवर.

"जरीची साडी टाका ताई, मग देते पातेलं."

"जरीची नाही."

"मग अजून दोन शर्ट टाका."

मी आत जाऊन दोन शर्ट आणले. त्यातला एक घालण्यातला होता, हे मला दिवाळीत कळलं. तरी तिचं समाधान होईना. ती माझ्या अंगातल्या शर्टाकडे बघू लागली, तशी बायकोही बघू लागली, तेव्हा मी घाईघाईने व्यवहार मिटवला. पातेलं मिळालं, गाळणी मिळाली आणि वर खूश होऊन तिने एक झाकण दिलं. कशाचं झाकण? कशाचंच नाही. नुसतं झाकण. "असू दे, लागेल," आई म्हणाली आणि ते माळ्यावर गेलं. म्हणजे आमच्या कपड्यांचं स्टील झालं. कपडे एक वेळ विरतात तरी.

लेकीला हे कळवलं. तिने मारी कोंडो या जपानी बाईंची पद्धत समजावली. वस्तू हातात घ्यायची, आनंद होतोय का बघायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. मी आईच्या हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा दिला आणि विचारलं, आनंद होतो का? ती म्हणाली, "कुणाच्या डोक्यात घालायचा यावर आहे." पुढे मी वाचलं, की तिसरं मूल झाल्यावर या बाईंचाच आवराआवरीचा हट्ट पुष्कळ सुटला. 2023 साली त्यांनी तसं मोकळेपणाने सांगितलंही. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "पोरं झाली की येते अक्कल. बिचारीला एखादा डबा पाठव."

आईवर चिडता येत नाही, त्याला कारण आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती शाळकरी मुलगी होती, नारायण पेठेतल्या वाड्यात. पाणी ओसरल्यावर घरात चिखल होता आणि चिखलात एक पितळी पातेलं. बाकी सगळा संसार मुठेतून वाहून गेला. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटल्यामुळे गावाला नळाचं पाणी नव्हतं. तेव्हा ज्याच्या घरी हंडे-कळशा उरल्या तो श्रीमंत. पुढे 1972 च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली. अशा बाईला 'कमीत कमी वस्तूंत जगून बघा' हे सांगायला बंगळुरूची काय गरज? तिचं ते सगळं करून झालंय, तेही कुणी आभार न मानता. ते पातेलं अजून आहे. त्यात आई गुळांबा करते आणि त्याला हात लावायची माझी प्राज्ञा नाही.

म्हणून मी स्वतःच्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. वडिलांचा बंद पडलेला रेडिओ घेऊन रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. तिथे विकायला जाऊ नये. एकाने माझा रेडिओ उघडून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, एक पार्ट गेलाय फक्त, हा दुसरा घेऊन जा, त्यातला बसेल." येताना रिक्षात दोन रेडिओ होते.

गणपतीचं थर्माकोलचं मखर तर त्रिशंकूच आहे. 2018 च्या बंदीमुळे वापरता येत नाही, कचऱ्यात टाकायला जीव होत नाही आणि माळ्याचा निम्मा भाग त्याने अडवलाय. गांधीजींनी अपरिग्रहावर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवण्यावर, लिहिलं ते आपल्या पुण्यातच. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र धाडत. पत्रं मोठी आहेत, वाद नाही. पण येरवड्याच्या कोठडीला माळा नव्हता, हेही ध्यानात घ्यावं.

शेवटी लेकीनेच तोडगा सुचवला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक रॅक आलं. नको ते ठेवा, हवं ते न्या. सेक्रेटरींनी वर पाटी लावली, 'येथे वापरण्याजोग्या वस्तूच ठेवाव्यात. वापरण्याजोगी म्हणजे काय, यावर येथे उभे राहून चर्चा करू नये.' मी उत्साहाने लेमन सेट घेऊन खाली गेलो. आई सोबत आली, पाय मोकळे करायला म्हणून. मी लेमन सेट मांडेपर्यंत तिने रॅकवरचा एक स्टीलचा डबा उचलून, टिचक्या मारून, पदराखाली घेतला होता.

"आई, याला झाकण नाहीये."

"आपल्याकडे आहे ना! बोहारणीने दिलेलं."

शिडी लावून मी मखराच्या मागे हात घातला, झाकण काढलं, लावून पाहिलं. बोटभर मोठं.

"मी खाली ठेवून येतो डबा," मी म्हणालो.

"ठेव दोन्ही वर," आई म्हणाली. "आता याला झाकण बघायचं आणि त्याला डबा. आणि खाली जातोच आहेस, तर बघून ये दुसरं काय आलंय."