पाणी हिरवे झाल्याच्या तक्रारीस आमचे उत्तर

सस्नेह नमस्कार.

आमच्याकडून नेलेल्या, कुमुदिनी आणि मासे असलेल्या साठ लिटरच्या टबातील पाणी पंधरा दिवसांत हिरवेगार झाले, तीनदा बदलूनही पुन्हा तसेच झाले, आणि शेवाळनाशक मागितल्यावर आम्ही ‘नैसर्गिक उपायांच्या थापा’ मारल्या, असे आपण लिहिले आहे. आपला वैताग रास्त आहे. नव्या टबातील पाणी सुरुवातीचे काही आठवडे बहुधा हिरवे होते, हे आम्ही टब देतानाच सांगायला हवे होते. ते आमच्या माहितीपत्रकातही नाही, ही चूक आमचीच.

हा हिरवा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ. मातीतील खत आणि माशांची विष्ठा यांतून उतरणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेट या पोषकद्रव्यांवर ते उन्हात झपाट्याने वाढते. पाणवनस्पतींनी जीव धरला की हेच अन्न त्या ओढून घेतात आणि शेवाळ उपाशी पडते. सगळे पाणी एकदम बदलले, की मातीतून पुन्हा अन्न उतरते, नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उपयुक्त जिवाणूही मरतात आणि टब पहिल्या दिवसावर येतो.

आपल्या छायाचित्रात कुमुदिनीची जेमतेम तीन पाने आहेत, बाकी पाणी उघडेच आहे, आणि काठाला खाद्याचे दाणे फुगून चिकटले आहेत. गप्पी माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे; निम्म्याहून अधिक पाणी झाकेल इतक्या तरंगत्या वनस्पती वाढू द्याव्यात; हॉर्नवर्टच्या जुड्या सोडाव्यात, कारण ही वनस्पती मातीवाचून थेट पाण्यातूनच अन्न घेते. कुंडीतील मातीवर धुतलेल्या वाळूचा दोन बोटे थर द्यावा. काठाचे तंतुमय शेवाळ काडीला गुंडाळून काढता येते. गोगलगायी मात्र भिंतीवरचे शेवाळ खरवडतात, हिरव्या पाण्यावर त्यांचा उपयोग नाही. आमच्या सहकाऱ्याने आपल्याला त्या सुचवल्या, ते चुकलेच.

शेवाळनाशक आम्ही यापुढेही देणार नाही. एवढ्याशा पाण्यात एकदम मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते, पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि कुजलेल्या शेवाळातून सुटलेल्या अन्नावर पुढचे शेवाळ पोसले जाते.

हॉर्नवर्ट, तरंगत्या वनस्पती आणि वाळू आम्ही विनामूल्य देऊ. त्यानंतर सहा आठवड्यांत टबाचा तळ दिसू लागला नाही, तर मासे-वनस्पतींसह टब परत घेऊन पूर्ण रक्कम आपल्याला देऊ.