गिंकोची गोळी विस्मरण थांबवत नाही
‘साठीनंतर रोज गिंकोची गोळी घ्या, विस्मरण जवळ फिरकणार नाही’ असा मजकूर सध्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही. (गिंको म्हणजे त्याच नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क.) अमेरिकेत नेमकं हेच तपासलं गेलं. पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांपैकी काहींना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. सुमारे ६ वर्षांनी, २००८ साली, निकाल आला: गिंकोने डिमेन्शियाचं, म्हणजे वाढत जाणाऱ्या विस्मरणाच्या आजाराचं, प्रमाण कमी झालं नाही. शिवाय आईबाबांना रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ‘झाडपाल्याचंच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

बी-१२ या जीवनसत्त्वाचं वेगळं. शाकाहारी घरांत, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी पडतं आणि विसरायला होऊ शकतं. पण आधी रक्त तपासा, सोबत थायरॉइडही.

फिनलंडमध्ये धोका जास्त असलेल्या ज्येष्ठांनी आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष हे सगळं २ वर्षं एकत्र पाळलं, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत थोडा पण खरा फरक दिसला. आणि हो, बाबा टीव्हीचा आवाज वाढवत असतील तर कान तपासून घ्या. ऐकू कमी येणं हाही डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक मानला जातो.