"इंग्रजी गोळ्यांचा डबा उकिरड्यावर टाका" या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

आठ दिवसांपासून एक मेसेज भाऊबंदकीच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, पोरांच्या शाळेच्या ग्रुपवर फिरून राहिलाय. लांबलचक आहे, थोडक्यात असा: घरातल्या इंग्रजी गोळ्या म्हणजे केमिकल, लिव्हर किडनी खातात, तो डबा उकिरड्यावर टाका. त्याऐवजी ओवा, हळद, मध, कापूर, जायफळ, गुळवेल, अडुळसा आणि कांदा एवढं घरात ठेवा, जुलाबापासून विंचवापर्यंत सगळं घरच्या घरी बरं होतं, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, आणि आपल्या आजीला कुठे डॉक्टर लागत होता.

मी अमळनेरकडे मेडिकलवर बसतो, पंधरा वर्षं झाली. माझ्या घरी ओवा, सुंठ, हळद सगळं आहे आणि ते मी वापरतो, म्हणून कोणी असं समजू नका की गोळ्या विकायच्या म्हणून हा बोलतोय. पण काल एक बाई तो मेसेज मोबाईलवर दाखवून विचारत होती की भाऊ, पोराचं तापाचं औषध खरंच फेकू का, तेव्हा ठरवलं की एकेक मुद्दा घेऊन लिहायचं.

"गोळी म्हणजे केमिकल, झाडपाला म्हणजे नैसर्गिक." अडुळशाचंच बघा. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो, त्याच्यावरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्याच्या पुढचं अॅम्ब्रोक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांवर ही नावं वाचायला मिळतात. म्हणजे ज्याला मेसेज इंग्रजी म्हणतो त्याचं मूळ आपल्या बांधावरच्या झुडपात आहे. फरक एवढाच की बाटलीवर किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं, पानात किती आहे ते कोणी मोजलेलं नसतं.

"पॅरासिटामॉल लिव्हर खराब करतं." करतं, जास्त घेतलं तर. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या झाल्या की हद्द संपली, आणि रोज दारू घेणारा, लिव्हरचा त्रास असणारा यांची हद्द त्याच्याही खाली. लोकांची गफलत कुठे होते सांगतो, तापाची गोळी घेतात आणि वरून सर्दीची घेतात, त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉलच असतं. लहान पोरांचं तर आणखी अवघड. सिरप पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं येतं, २५० चंही येतं, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. मागच्या वेळचं २५० चं उरलेलं असतं, डॉक्टरनी सांगितलेलं असतं १२५ चं पाच मिली, आई स्वयंपाकघरातल्या चमच्याने अंदाजे देते. पोराच्या वजनाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये चार ते सहा तास अंतर, दिवसात चारच्या वर नाही, आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच मोजायचं. हे सांभाळलं तर ते भरवशाचं औषध आहे. मेसेजने एवढं लिहिलं असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

आता जुलाब. "जायफळ उगाळून चाटवा, ओवा द्या, दोन दिवसांत थांबतं." या ओळीने मला सगळ्यात जास्त राग आला. जुलाबात पोर जुलाबाने दगावत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्याने दगावतं, जायफळाने ते पाणी परत येत नाही, आणि जायफळ जास्त झालं तर पोर गुंगीत जातं ते वेगळंच. आमच्याच गल्लीत दहा महिन्यांच्या पोरीला दीड दिवस जायफळच चालू होतं, ती गप पडून राहिली म्हणून घरच्यांना वाटलं की गुण आला. डोळे खोल गेलेले, टाळू आत गेलेली, लघवी सकाळपासून नाही. गाडी करून नेलं, सलाईन लागलं, वाचली. अजून ती पोर रस्त्यात खेळताना दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

यासाठी घरात पहिली वस्तू ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेच्या पावडरची, चार पाकिटं. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी पिंपात कालवून घरच्यांच्याच हातात दिलं की तुम्हीच पाजा. मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. साखर आतड्यातून मिठाला सोबत आत ओढते आणि त्या दोघांच्या मागे पाणी जातं, एवढं साधं आहे ते. पण मोठं पाकीट पूर्ण एक लिटरचं असतं आणि छोटं २०० मिलीचं, आमच्याकडे मोठं पाकीट एका ग्लासात कालवून देतात, ते फार घट्ट होतं आणि जुलाब वाढतात. पाकीट नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. थोडं थोडं, चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. पोराला सोबत झिंक १४ दिवस, ते डॉक्टरला विचारून. पिकलेलं केळ चालतं, ते तर आपल्याकडे घरचंच. आणि टेट्रापॅकमधलं गोड पाणी म्हणजे ओआरएस नाही, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, तसल्या पेयांवर ओआरएस हे नाव लिहायलाच मनाई केली. पोर पाणी पिईना, लघवी होईना, संडासात रक्त दिसलं की मग घरात थांबायचं नाही.

"तान्ह्या बाळाला सर्दी झाली तर मध चाटवा आणि कापूर हुंगवा." दोन्ही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, मोठ्याच्या पोटात ते काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात वाढतात आणि बाळ लुळं पडू शकतं. कापूर पोटात गेला तर लहान पोराला झटके येतात, बाळाच्या नाकाला लावला तरी श्वास अडकू शकतो. २०२१ मध्ये कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असा मेसेज फिरला होता, हे त्याचंच भावंड आहे. वर्षाच्या पुढच्या पोराला खोकल्यात रात्री चमचाभर मध द्या, खुशाल द्या, तो बरा वाटतो.

"उन्हाळ्यात खिशात कांदा असला की ऊन लागत नाही." हे आपल्या खान्देशात प्रत्येक घरी ऐकलेलं. जळगाव, भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा माझे काका खिशात कांदा टाकून शेतात जायचे, थांबा म्हटलं की "माले काय व्हस!" कांदा खिशात ठेवून अंगाचं तापमान कमी होत नाही भो. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, डोक्याला उपरणं, दुपारी बारा ते चार सावली, हे खरं काम करतं, आजीच्या गोष्टींतलं हे मी डोळे झाकून घेतो. पण माणूस बडबडायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे, तिथे पन्हं पाजत बसायचं नाही, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही तिथे काम करत नाही, तो ताप वेगळा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, पंखा लावा, मानेला आणि काखेत गार फडकं ठेवा, आणि १०८ ला फोन.

विंचवासाठी मेसेजमध्ये हळद आणि कांद्याचा लेप आहे. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, लेप वरून लागतो. कोकणात महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून हे मरण किती खाली आणता येतं ते दाखवलं, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. ते औषध घरात ठेवायचं नाही, बीपी एकदम खाली येतं, ते दवाखान्यातच द्यायचं. चावल्यावर घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर लेप पुसत बसू नका, निघा. सापाचंही तसंच, बांधायचं नाही, कापायचं नाही, हात किंवा पाय हलवायचा नाही.

"झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो." ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, बीपीची गोळी चालू असणाऱ्याला हे सांगावंच लागतं. गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हर सुजलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असेल म्हणाले. मग मला सांगा, बांधावरून तोडून आणणाऱ्याला त्या दोन वेलींतला फरक कसा कळायचा?

मेसेजमधला एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो, लहान पोरांना खोकल्याची सिरपं नकोत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित कफ सिरपने लहान लेकरं गेली, डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं त्यात. दोन वर्षांच्या आतल्याला सर्दी खोकल्याचं औषध द्यायचंच नाही, पाचपर्यंत शक्यतो टाळायचं, असंच सरकारी सांगणं आहे. तसंच उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी पट्टी, ती खरंच डब्यात नको. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि शेजारणीला तर मुळीच द्यायची नाही.

राहिली आजी. माझ्या आजीला नऊ लेकरं झाली, पाच जगली. ती ओवा, सुंठ सगळं करायची, जीव ओतून करायची, आणि त्या चौघांची नावं ती शेवटपर्यंत घ्यायची. तिला डॉक्टर लागत नव्हता असं नाही, तो पंचवीस कोसांत नव्हता.

माझ्या घरच्या डब्यात आत्ता हे आहे: ओआरएस, पॅरासिटामॉल, अॅलर्जीची गोळी, थर्मामीटर, पट्टी, कापूस, जखमेचं मलम, कात्री. बाजूला बरणीत ओवा, सुंठ, हळद दुधासाठी, जखमेत भरायला नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, टूथपेस्ट नाही. डबा फ्रीजच्या वर ठेवत नाही, तिथे गरम असतं, गॅसजवळ नाही, पत्र्याखालच्या फळीवर तर नाहीच, गोळ्यांच्या पट्टीवर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं आणि आपल्या घरात मे महिन्यात पारा तेवढा खाली रात्रीही येत नाही, म्हणून मधल्या खोलीतल्या कपाटात, पोरांचा हात पोहोचणार नाही असा. फवारणीच्या औषधाची बाटली त्या खोलीतही नाही. झाकणावर चिकटपट्टी लावून १०८ आणि पोराचं वजन लिहिलंय, दर तीन महिन्यांनी खोडून नवं लिहितो, काल लिहिलं, साडेतेरा किलो.