राइटची लस फसली, पण संशोधन वाया गेलं नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ आल्मरॉथ राइटचा न्यूमोनियाच्या लशीचा प्रयोग फसला, पुढे पेनिसिलिननं न्यूमोनियाच्या लशीची गरजच संपवली. मग त्या जुन्या खटाटोपावर एवढं लिहायचं कशाला? मला हे अजिबात पटत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत उष्ण प्रदेशातून आणलेले मजूर न्यूमोनियानं पटापट दगावत होते. भरतीवरच गदा येईल, या धास्तीनं खाणमालकांनी 1911 मध्ये राइटला बोलावलं. (1913 मध्ये सरकारनं ती भरती थांबवलीच.) त्यानं उष्णतेनं मारलेले जंतू हजारो मजुरांना टोचले. गुण आल्याचा दावा त्यानं केला खरा, पण आकड्यांना तो पेलवत नव्हता.

ती लस का चालली नाही, हे तिथेच संशोधक स्पेन्सर लिस्टरनं शोधलं. दुखण्यातून उठलेल्या मजुराचा रक्तद्रव त्यानं वेगवेगळ्या रुग्णांकडून मिळवलेल्या जंतूंवर घालून पाहिला. काही जंतूंच्या लगेच गुठळ्या होत, काहींवर ढिम्म परिणाम नसे. म्हणजे न्यूमोकोकसचे (न्यूमोनियाच्या या जंतूचे) प्रकार अनेक, आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नाही. जर्मनीत न्यूफेल्डही त्याच सुमारास याच निष्कर्षावर आला होता. 1923 मध्ये हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवलं, की हा फरक जंतूवरच्या शर्करेच्या आवरणात आहे.

मग 1945 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन हवाई दलातला प्रयोग पाहा. लशीत चारच प्रकारांची आवरणं होती. लस घेतलेल्या सुमारे साडेआठ हजारांत त्या प्रकारांचा न्यूमोनिया 4 जणांना झाला, न घेतलेल्या जवळपास तेवढ्यांत 26 जणांना. लशीत नसलेल्या प्रकारांचा न्यूमोनिया मात्र दोन्हीकडे सारखाच!

आता पेनिसिलिन. त्याच्यापुढे या लशी कुणी घेईना, म्हणून 1950 च्या दशकात त्या बाजारातून गेल्या, हे तुमचं बरोबर. पण अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट ऑस्ट्रियननं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की जंतू रक्तात उतरलेल्यांचे पहिल्या पाच दिवसांतले मृत्यू पेनिसिलिनलाही रोखता येत नव्हते. औषध पोचेपर्यंत व्हायची ती हानी झालेली असे. म्हणून 1970 च्या दशकात नवी लस तपासायला तो दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत गेला आणि 1977 मध्ये 14 प्रकारांची लस अमेरिकेत मान्य झाली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बाळांसाठीची लस 10 प्रकारांची आहे. आशिया-आफ्रिकेत जास्त आढळणारे प्रकार पाहून ते दहा निवडले गेले. लिस्टरचा शोध गाळलात, तर ही निवड करायचं कारणच उरत नाही.