खरबरीत

तंबाखू सुटून सहा वर्षं झाली, पाइप सुटले नाहीत. रोज संध्याकाळी दादरच्या आमच्या दोन खोल्यांतल्या खिडकीशी बसून मी ते नुसते पुसतो. बायकोच्या मते हे व्यसन जास्त वाईट, कारण पुसायला तिच्या जुन्या सुती साड्या लागतात.

पाइपवाल्यांत दोन पंथ. एकांना गुळगुळीत, लाकडाच्या रेषा मिरवणारा पाइप लागतो. दुसरे आम्ही, खरबरीतवाले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. तिच्यावर वाळूचा फवारा मारला की मऊ लाकूड झडतं, कठीण तेवढं उरतं आणि अशा वळ्या उठतात की बोट फिरवत बसावं. लंडनच्या डनहिल या पाइप कंपनीने 1917 साली 'शेल' नावाने हे आणलं. रंग काळा, उजेडात धरला तर उंचवट्यांवर लालसर झाक.

हे सगळं रंगात येऊन सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे भरताचं वांगं."

लाल चकचकीत पाइप मला नवरदेवाच्या बुटासारखा वाटतो. न रंगवलेला फिका चालेल, पण तो धुरानेच हळूहळू गडद होतो. माझ्याकडे जन्मभर मुंजा राहायचा. मीरशॉमचं तेच. तुर्कस्तानातलं पांढरं खनिज, ओढून ओढून मधासारखं पिवळं होतं. माझा सहा वर्षं खडूसारखा. रंग बदलला तो फक्त एबनाइटच्या दांड्यांनी. त्या रबरात गंधक असतं, उन्हाने हिरवट पडतं. "अहो, शेवाळ धरलंय," इति बायको.

माझा लाडका काळा पाइप मी चोर बाजारात दोन शुक्रवार घासाघीस करून मिळवला होता. गुळगुळीतवाले म्हणतात, खरबरीतपणा हा लाकडाचे दोष झाकायला असतो. या मुद्द्यावर मी एका जुन्या मित्राशी वर्षभर अबोला धरला होता.

गणपतीच्या आधी दाराला पॉलिश काढलं. मी दूध घेऊन वर आलो, तर मिस्त्री हसतमुखाने उभे.

"साहेब, ही वस्तू फारच खडबडीत होती. दाराबरोबर हिलाही पेपर मारून टाकला. आधी ऐंशीचा, मग दोनशेवीसचा. पैसे नकोत."

हातात गुळगुळीत, पिवळट, उघडंबोडकं लाकूड. त्यात ठसठशीत तीन खड्डे. म्हणजे मित्राला फोन करणं आलं.

"लांबी भरतो," मिस्त्री म्हणाले, "आणि दाराचंच महागनी मारतो. मॅचिंग होईल."

मी काही बोलायच्या आत आईने पाइप हातात घेऊन फिरवून पाहिला.

"बघ, सोलल्यावर बरं दिसतंय."