कमिटी फिरते आहे, कृपया थांबा

तोंड उघडं, डावा डोळा अर्धा मिटलेला आणि उजवा हात नाकाच्या दिशेनं निघालेला, पण अजून न पोचलेला. अशा अवस्थेत मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये ११ मिनिटं गोठून होतो. मला हे कळायला काही मार्गच नव्हता. माझ्या बाजूला मी फर्डं बोलत होतो, हातवारे करत होतो, एक विनोदही केला. शेवटी साहेबांचा फोन आला, "अहो, बरं वाटतंय ना?"

त्या तिरीमिरीत मी वसाहतीच्या ग्रुपवर लिहिलं, "आपल्या इंटरनेटचं काहीतरी करायलाच हवं. मी पुढाकार घ्यायला तयार आहे." दुसरं वाक्य लिहायचं काही कारण नव्हतं. संदेशाशेजारी घड्याळाचं चिन्ह उमटलं, ते हलेना, म्हणून मी झोपून गेलो. संदेश पोचला पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी. सकाळी लोक बघतात तर काय, पहाटे चारला एक माणूस वसाहतीच्या काळजीनं तळमळत जागा! असा माणूस पुन्हा मिळायचा नाही म्हणून दुपारपर्यंत मी एकमतानं ब्रॉडबँड सुधारणा समितीचा सचिव झालेलो होतो. अध्यक्षपद पहिल्या घरातल्या काकांकडे गेलं. वसाहतीत कुठलंही अध्यक्षपद निघालं की ते त्यांच्याकडेच जातं, उताराचं पाणी जातं तसं.

पहिली सभा ऑनलाइन घ्यावी अशी सूचना आली. सूचना मांडणाऱ्याचाच आवाज मध्ये तुटला, म्हणून ती प्रत्यक्ष घेतली.

या सभेत मला कळलं की इंटरनेट का चालत नाही याबद्दल प्रत्येक घराकडे स्वतंत्र शास्त्र आहे. एकांचं म्हणणं, राउटरला उन्हाळा सोसत नाही. एक वहिनी राउटरमागे चांदीसारखा चकचकीत कागद लावून आल्या होत्या आणि त्यानं फरक पडतो यावर ठाम होत्या. (फरक पडतोच. मागच्या खोलीतलं वायफाय जातं.) कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "पाऊस आला की तारेत पाणी शिरतं." यावर सगळे हसले. मीही हसलो. पुढे तीन महिन्यांनी आलेल्या लाइनमननं खांबावरची डबी उघडली तेव्हा तिच्यातून खरंच पाणी ओघळलं. तांब्याच्या तारेच्या जोडात ओल शिरली की सिग्नलची वाट लागतेच. आजोबा त्या वेळी गॅलरीत उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका गणिताच्या प्रश्नानं. "माझा प्लॅन १०० चा आहे आणि फाइल उतरवताना १२ दिसतात. बाकीचे ८८ कोण खातं?" मी समजावलं, कुणी खात नाही. कंपनी मेगाबिटमध्ये बोलते, कॉम्प्युटर मेगाबाइटमध्ये मोजतो, आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो. शंभराला आठानं भागा, साडेबारा येतात. "म्हणजे सांगताना लहान माप वापरून आकडा मोठा करायचा?" काकांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग फसवणूकच झाली की." ती फसवणूक नाही हे पटवताना मला कंपनीचा माणूस ठरवण्यात आलं, आणि तो शिक्का अजून पुरता गेलेला नाही.

मग मी शास्त्रशुद्ध पाहणी करायचं ठरवलं. ४८ घरांना सूचना काढली की आज रात्री ठीक ९ वाजता प्रत्येकानं स्पीड टेस्ट घ्यावी आणि आकडा कळवावा. स्पीड टेस्ट म्हणजे तरी काय, काही सेकंद तार जेवढा डेटा ओढू शकते तेवढा ओढून बघायचा. आमच्या ४८ तारा पुढे एकाच वाटेनं बाहेर जातात, हे मला ९ वाजून १ मिनिटानं आठवलं. आकडे आले ते शून्याच्या आसपासचे, आणि तेही साडेनऊनंतर. दरम्यान एका मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीतला शेवटचा प्रश्न हवेत विरला. त्यानं अंदाजानं "हो" असं उत्तर दिलं. त्याला नोकरी मिळाली, पण कशाला हो म्हणालो ते त्याला अजून कळलेलं नाही.

आमची वसाहत तारेच्या शेपटाला आहे. तांब्यात अंतर वाढेल तसा सिग्नल विरत जातो, त्यामुळे टेलिफोन केंद्राजवळच्या घरात जे धो धो वाहतं ते आमच्याकडे थेंब थेंब येतं. यावर काकांचा पोरगा म्हणाला, "त्यापेक्षा पेनड्राइव्ह घेऊन सायकलनं जाईन." मी कुणाला हसू दिलं नाही. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत खरोखर अशी शर्यत लावली होती. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधून त्याला सोडलं आणि त्याच वेळी तेवढाच डेटा इंटरनेटनं पाठवायला घेतला. कबुतर पोचून, कार्डावरचा डेटा उतरवूनही झाला, एकूण दोन तास आणि थोडी मिनिटं लागली. तोवर तारेवरून फक्त ४ टक्के गेला होता. ही माहिती मी सभेत सांगितली ती चूक झाली. पुढचा अर्धा तास कबुतरं कुठे ठेवायची यावर चर्चा झाली.

पण माझा खरा घात केला तो वेल्समधल्या अ‍ॅबरहोसान गावानं. तिथे १८ महिने रोज सकाळी ७ वाजता गावाचं इंटरनेट कोलमडायचं. इंजिनिअर आले, गेले, केबलसुद्धा बदलून झाली, गुण नाही. शेवटी २०२० मध्ये ते पहाटे उठून, भर पावसात, विजेचा गोंगाट पकडणारं यंत्र घेऊन गावभर हिंडले. ठीक सातला यंत्र किंचाळलं. एका घरात जुना, सेकंडहँड टीव्ही रोज सातला चालू व्हायचा आणि त्यातून निघणारा विजेचा झटका अख्ख्या गावाच्या तारांत घुसायचा. मालकांना बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तो टीव्ही पुन्हा कधी लावला नाही.

हे वाचल्यावर मला राहवेना. आमचंही नेट रोज रात्री पावणेआठच्या सुमारास आचके देतं. म्हणजे आमच्यातही कुणीतरी गुन्हेगार आहे! इंजिनिअरांचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, पण मीडियम वेव्हवर स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावलेला जुना ट्रान्झिस्टरही असा गोंगाट खरखरीच्या रूपात पकडतो. माळ्यावरून तो काढला, सेल घातले, आणि सलग चार संध्याकाळी मी कानाशी खरखरणारा रेडिओ धरून लोकांच्या भिंतींना चिकटून हिंडलो. पहिल्या दिवशी लोकांनी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी मुलांना आत बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "हल्ली बातम्या चांगल्या नसतात रे बाळा, नको इतक्या ऐकूस."

चौथ्या दिवशी ७ वाजून ४५ मिनिटांनी रेडिओ कडकडला. मी आवाजाच्या मागे लागलो. एक वळण, दुसरं वळण, जिना, आवाज वाढतोय, दार, आत, आणखी आत. माझ्या टेबलावरचा दिवा. त्याचा मूळ अ‍ॅडॅप्टर जळाल्यावर मी कुठूनसा दुसरा मिळवून बसवला होता आणि रोज पावणेआठला समितीचं कामकाज करायला बसताना लावत होतो; मी बाहेर असलो की बायको वेळेवर लावून ठेवायची. अहवालही त्याच उजेडात लिहिले होते.

बायको दारात उभी होती. "तो दिवा कुंईकुंई करतो हे मी वर्षभर सांगतेय," ती म्हणाली. समितीच्या इतिवृत्तात मी 'एका घरातील सदोष उपकरण शोधून बंद करण्यात आले' असं लिहिलं. त्याबद्दल समितीनं माझं अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं.

दिवा गेला तरी शेपूट राहिलंच होतं. तेव्हा ठरलं की तांबं पुरे, काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, आणायची. एका कंपनीनं कळवलं, अर्ध्याहून जास्त घरांनी नावं नोंदवली तर येतो, आणि नोंदणीसाठी लिंक पाठवली. ती लिंक आमच्या वसाहतीत उघडत नव्हती. इंटरनेट वाईट आहे हे सांगण्यासाठी चांगलं इंटरनेट लागतं, हा या क्षेत्राचा नियमच दिसतो. मी कागदावर रकाने आखले आणि दारोदार निघालो.

"बाकीचे घेतायत का? बाकीच्यांनी घेतलं तर आमचं नाव लिहा." असं मला पहिल्या घरानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं आणि सतराव्यानंही सांगितलं. शेवटी मी प्रत्येक घरात आधीच्या घरानं घेतलंय असं सांगायला लागलो. पहिल्या घराला शेवटच्या घरानं घेतलंय असं सांगितलं. यात कुठे खोटं होतं ते दाखवता यायचं नाही, कारण शेवटी ते गोलात खरं झालं. फक्त पाण्यावाल्या आजोबांनी मला अडवलं. "वीज गेली तर फोन लागेल का?" जुन्या तांब्याच्या फोनला वीज टेलिफोन केंद्राकडूनच यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही, त्यामुळे घरातल्या डबीला बॅटरी हवी. "मग हे आधी का सांगितलं नाहीत?" मी म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

नावं पुरली, पण रस्त्यापासून वसाहतीपर्यंतचा चर तुम्ही खणून द्यायचा, असं कंपनीनं कळवलं. इथे मी नको तिथे प्रेरणा दिली. इंग्लंडच्या लँकशरमध्ये 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' म्हणून गावकऱ्यांचीच संस्था २०११ पासून आहे. मोठ्या कंपन्या येईनात तेव्हा तिथल्या लोकांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून वाट दिली, स्वतः चर खणले आणि घराघरांत एक हजार मेगाबिटचा वेग आणला. कॅटलोनियातही २००४ पासून गुइफी नेट या नावानं लोकांनी छपराछपरांवर अँटेना लावून स्वतःचं जाळं विणलंय. मी हे इतकं रंगवून सांगितलं की टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं की सगळे मी कधी खणायला लागतो याची वाट बघतायत.

रविवारी अकरा जण जमले. चौघांनी खणलं, सात जणांनी कसं खणावं ते सांगितलं. "इथे बिनधास्त मारा," काका म्हणाले, "मी पहिल्यापासून राहतोय, इथे खाली काही नाही." मी मारली. कुदळ मऊशा कशात तरी गेली आणि ४८ घरांतून एकाच सुरात "अरे!" ऐकू आलं. २०११ साली जॉर्जियात ७५ वर्षांच्या एका बाईंच्या फावड्यानं केबल तुटली आणि शेजारच्या जवळजवळ अख्ख्या आर्मेनिया देशाचं इंटरनेट काही तास बंद पडलं होतं. तांब्यासाठी जमीन उकरत होत्या असं बातम्यांत आलं होतं. त्या बाईंबद्दल मला त्या क्षणी जी आपुलकी वाटली ती रक्ताच्या नात्यांबद्दलही क्वचित वाटते.

जुनी तार जोडायला तीन दिवस लागले. अशा वेळी लोक घराबाहेर पडतात, एकमेकांशी बोलायला लागतात, असं लिहायची पद्धत आहे. लोक बाहेर पडले, बोललेही. विषय मी होतो.

काचेची तार मात्र बघण्यासारखी असते. वरचं प्लॅस्टिक सोलल्यावर काच उरते ती १२५ मायक्रॉनची, म्हणजे जेमतेम केसाएवढी, आणि प्रकाश जातो तो तिच्या पोटातल्या ९ मायक्रॉनच्या वाटेनं. जोडणारा मुलगा यंत्रात दोन टोकं समोरासमोर धरायचा, एक ठिणगी पडायची आणि काचेला काच वितळून मिळायची. मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. "साहेब, श्वास जरा तिकडे सोडा," एवढंच तो म्हणाला. प्रकल्पातलं माझं सगळ्यात निर्दोष काम ते.

आणि नेट आलं. खरंच आलं. पाठवलेला संदेश पाठवायच्या आधी पोचल्यासारखा वाटायला लागला. वर्तुळ फिरायचं थांबलं.

सोमवारी ऑफिसची मीटिंग होती. साहेब अगदी समोर बसल्यासारखे स्वच्छ दिसत होते. त्यांनी विचारलं, "तो तिमाही अहवाल आज देणार होतात ना?"

अहवाल मी लिहिलेलाच नव्हता. तीन महिने मी कधी रेडिओ, कधी कुदळ घेऊन हिंडत होतो. पूर्वी अशा वेळी "आवाज तुटतोय" म्हणायची सोय होती, ती मी स्वतःच्या हातांनी खणून काढली होती. मग माझं तोंड आपोआप उघडलं, डावा डोळा अर्धा मिटला, उजवा हात नाकाच्या दिशेनं निघाला आणि वाटेत थांबला. मी श्वास धरला.

"यांचं नेट पुन्हा गेलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

मी पापणीही हलवली नाही. साहेब मात्र पडद्याकडे जरा वाकून बघायला लागले. माझ्या मागच्या भिंतीवरचा पंखा फिरत होता, आणि नव्या तारेवर त्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसत होती.